फ्लिंडर्स नाव देणारा नव्हे, किनारा मोजणारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१९ जुलैच्या अंकातील ‘दिनविशेष’ सदरात एक ओळ होती : ‘१८१४ – ऑस्ट्रेलियाला नाव देणारे इंग्रज खलाशी मॅथ्यू फ्लिंडर्स यांचे निधन.’ एका ओळीत माणूस बसवायचा म्हणजे काहीतरी गाळावे लागणार, हे मला समजते. पण या ओळीत नेमके त्याचे आयुष्यभराचे काम गळले आहे आणि जे उरले आहे ते त्याच्या आयुष्यात त्याला करू दिले गेले नव्हते. म्हणून हे पत्र. थोडे लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

माझा या विषयाशी संबंध काय, ते आधी सांगतो. मी ३४ वर्षे जमीन मोजण्याची सरकारी नोकरी केली. मावळ, मुळशी, भोर, वेल्हे या तालुक्यांत मोजणीची साखळी ओढली, भातखाचरांच्या बांधांवरून नकाशा काढायचा फलक आणि त्याची तिपाई खांद्यावर घेऊन फिरलो. समुद्रावर मी कधी काम केलेले नाही. फ्लिंडर्सचे नाव मला कळले ते १९९८ साली. आमचे जावई व्यापारी जहाजावर अधिकारी होते. त्यांचे जहाज मुंबई बंदरात लागलेले असताना त्यांनी मला वर नेऊन सगळे दाखवले. होकायंत्रापाशी आलो. पितळी घुमटीच्या दोन्ही बाजूंना लोखंडाचे दोन गोळे आणि पुढच्या बाजूला एक उभी नळी. मी चक्रावलो. होकायंत्राच्या आसपास लोखंड येऊ द्यायचे नाही, हे आमच्या धंद्यातले पहिले बाळकडू. इथे तर मुद्दाम लोखंड बसवलेले! जावई म्हणाले, “बाबा, त्या नळीत लोखंडाची कांब आहे. तिला फ्लिंडर्स बार म्हणतात. जहाजातलं लोखंड सुईला ओढतं, तेवढंच ही कांब उलट ओढते.”

त्या रात्री पुण्याला परतताना गाडीत मला १९८३ चा उन्हाळा आठवत होता. मावळातल्या एका गावी दोन सख्ख्या भावांमधला बांध मोजायचा होता. नऊ वर्षांचा वाद. मी विहिरीजवळ तिपाई लावली, पेटीतले होकायंत्र ठेवून फलक उत्तरेला लावला आणि दुपारपर्यंत काम उरकले. नकाशा जुन्या टिपणाशी जुळेना. बांध धाकट्याच्या शेतात दीड हात सरकत होता. मी जुने टिपणच चुकीचे धरले होते. सोबत एक वयस्कर मोजणीदार होते, ते उठले, विहिरीवर गेले आणि पंपाच्या लोखंडी पाइपावर हात ठेवून म्हणाले, “सुई खोटं बोलत नाही रे, पण शेजाऱ्याचं ऐकते.” मग त्यांनी मला होकायंत्र पेटीत घालायला लावले, मागच्या खुणेवर नजर लावून फलक पुन्हा जुळवायला लावला. सगळे काम नव्याने केले. बांध होता तिथेच निघाला. त्या दीड हातापायी दोन घरांत काय झाले असते, या विचाराने मी कित्येक रात्री नीट झोपलो नाही.

तेव्हा हा फ्लिंडर्स कोण, हे शोधल्याशिवाय मला चैन पडणार नव्हते. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत मिळेल ते वाचले आहे.

जन्म १६ मार्च १७७४, इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात, डॉनिंग्टन नावाच्या गावी. वडील गावचे शल्यवैद्य, मुलाने तेच करावे ही त्यांची इच्छा. पोराने भूमिती आणि नौकानयनाची पुस्तके घरीच पालथी घातली आणि पंधराव्या वर्षी नौदल गाठले. १७९१ मध्ये तो कॅप्टन ब्लाय यांच्या हाताखाली ताहितीला गेला. ज्यांच्या आधीच्या जहाजावर खलाशांनी बंड केले होते तेच हे ब्लाय. ताहितीहून नीरफणसाची रोपे वेस्ट इंडिजला न्यायची, अशी ती मोहीम होती. कोकणात परसदारी असतो तोच नीरफणस. या सफरीत पोराच्या हाती जहाजावरची कालमापक घड्याळे आली आणि तिथेच त्याचा मार्ग ठरला, असे मला वाटते. १ जून १७९४ च्या फ्रेंचांविरुद्धच्या मोठ्या लढाईत तो होता, पण लढाईत त्याचे मन रमल्याचे पुढे कुठेच दिसत नाही.

१७९५ साली तो सिडनीला पोचला. जॉर्ज बास नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरशी गट्टी जमली आणि ८ फूट लांबीच्या होडीतून दोघे किनारा पाहू लागले. आठ फूट म्हणजे आपल्या घरातल्या पलंगापेक्षा थोडी मोठी. १७९८-९९ मध्ये २५ टनांच्या ‘नॉर्फोक’ गलबतातून या दोघांनी टास्मानियाला पूर्ण फेरी घातली आणि ते बेट आहे हे सिद्ध केले. मुख्य भूमी आणि या बेटाच्या मधल्या सामुद्रधुनीला बासचे नाव मिळाले, तेही फ्लिंडर्सच्याच शिफारशीवरून.

मग १८०१ मध्ये ‘इन्व्हेस्टिगेटर’. वय २७. ३३४ टनांचे हे जहाज मुळात कोळसा आणि माल वाहायला बांधलेले, नंतर नौदलाने घेतलेले. १८ जुलै १८०१ रोजी ते इंग्लंडहून सुटले आणि ६ डिसेंबरला ऑस्ट्रेलियाचे नैर्ऋत्य टोक दिसले. तिथून पूर्वेकडे अख्खा दक्षिण किनारा मोजत जायचे होते.

आता त्याची मोजण्याची रीत सांगतो, कारण माझा सगळा जीव तिथे आहे. किनाऱ्यावर फुटणारी लाट डेकवरून दिसेल इतक्या जवळून जहाज न्यायचे, हा त्याचा दंडक. शिडाच्या जहाजाला हे किती जोखमीचे आहे, ते समजून घेतले पाहिजे. वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहू लागला की असे जहाज मागे घेता येईलच याची खात्री नाही. पाण्याखालचे खडक कुठे आहेत हे कोणालाच माहीत नाही, कारण ते माहीत करून घेण्यासाठीच तर तुम्ही आलेले आहात. दोरीला शिशाचे वजन बांधून खोली बघत बघत पुढे सरकायचे. टेकडी, भूशिर, बेट यांच्या दिशा होकायंत्रावरून तो स्वतः घ्यायचा. हे काम त्याने शक्यतो दुसऱ्यावर सोपवले नाही. अंधार पडला की जहाज समुद्रात आत घ्यायचे आणि उजाडल्यावर आदल्या दिवशी जिथे काम थांबवले त्याच जागेपाशी परत यायचे. रोज. आमच्या भाषेत सांगायचे तर काल संध्याकाळच्या खुंटीवरच आज सकाळची साखळी लावायची. ज्याने मोजणी केली आहे त्याला कळेल की शिस्त म्हणतात ती हीच. मधला तुकडा अंदाजाने जोडून द्यायचा मोह फार मोठा असतो. कोणी बघत नसते.

अक्षांश सूर्यावरून मिळतो. रेखांशासाठी अचूक वेळ लागते, म्हणून कालमापक घड्याळे, आणि तीही रोज किती मागे किंवा पुढे जातात हे जमिनीवर उतरून ताऱ्यांशी ताडून पाहायचे. जोडीला चंद्राचे ताऱ्यांपासूनचे अंतर मोजून तीच गोष्ट दुसऱ्या वाटेने पडताळायची. एकच बिंदू दोन वाटांनी गाठला तरच तो पक्का. हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही.

या कामात त्याला विचित्र गोष्ट दिसली. जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, पूर्वेकडे असताना एखाद्या टेकडीची दिशा घ्यावी, मग नाळ पश्चिमेकडे वळवून पुन्हा घ्यावी, तर दोन आकड्यांत काही अंशांचा फरक पडे. नाळ उत्तरेला किंवा दक्षिणेला असली की चूक जवळजवळ नाहीशी होई. सुई बिघडली म्हणून सोडून देणारे त्याच्या आधी अनेक होऊन गेले असतील. त्याने आकडे मांडून ठेवले. उत्तर गोलार्धात चूक एका बाजूला, दक्षिणेत उलट बाजूला, हे त्याच्या लक्षात आले. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की दोष सुईचा नाही. पृथ्वीचे चुंबकत्व जहाजातल्या उभ्या लोखंडात उतरते आणि ते लोखंड सुईला ओढते. जागा बदलली, जहाजाचे तोंड बदलले की ओढ बदलते. चूक किती येणार हे आधी काढण्याचा नियमही त्याने दिला. यावरचा त्याचा निबंध १८०५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला. निबंध लिहिणारा त्या वेळी मॉरिशस बेटावर कैदेत होता. पुढे १८१२ मध्ये त्याच्या सांगण्यावरून नौदलाच्या जहाजांवर प्रयोग झाले. उभी कांब लावून उभ्या लोखंडाचा परिणाम मारायचा, ही कल्पना त्याचीच. मावळातल्या विहिरीवर मी ज्याला फसलो ते त्याने १८० वर्षांपूर्वी ओळखून ठेवले होते. त्याची कांब मी मुंबईच्या गोदीत हाताने चाचपून पाहिली आहे.

मोहीम काही सुखाची नव्हती. २१ फेब्रुवारी १८०२ रोजी पाण्याच्या शोधात गेलेली होडी संध्याकाळी उलटली. आठ माणसे गेली. एकही वाचला नाही. त्या खाडीला त्याने ‘स्मृतीची खाडी’ अशा अर्थाचे नाव दिले, तिथे तांब्याचा कोरीव पत्रा ठोकला आणि आसपासच्या एकेका बेटाला बुडालेल्या एकेकाचे नाव दिले. त्यात साधे खलाशीही आहेत. गावाकडची नावेही त्याने नकाशावर पसरली. स्वतःचे नाव मात्र कशालाच दिले नाही. आज ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स नावाचे डोंगर, रस्ते, विद्यापीठ आहे, ते सगळे नंतरच्यांनी केलेले.

त्याच वर्षी ८ एप्रिलला समोरून फ्रेंच मोजणी-जहाज आले. कप्तान निकोला बोदँ. दोन्ही देशांचे युद्ध चालू होते की संपले होते, हे दोघांनाही नक्की माहीत नव्हते. तोफा सज्ज ठेवूनच भेट झाली आणि मग दोघांनी एकमेकांना आपापले काम सांगितले. पुढे फ्लिंडर्स कैदेत असताना फ्रेंचांनी १८११ मध्ये या किनाऱ्याचा नकाशा छापला आणि फ्लिंडर्सने आधी मोजलेल्या भागावरही नेपोलियनचे नाव चढवले. इतके झाल्यावर हा माणूस काय करतो? आपल्या नकाशात जो तुकडा बोदँने आधी पाहिला, तिथली फ्रेंच नावे तशीच ठेवतो. हद्दीच्या कामात आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला या एका गोष्टीवरून त्याची किंमत कळते.

जुलै १८०२ मध्ये तो सिडनीहून उत्तरेकडे निघाला. सोबत बंगरी नावाचा तिथला मूळ रहिवासी होता. किनाऱ्यावरच्या लोकांशी बोलणी जुळवण्यात त्याचा मोठा वाटा होता. बंगरीने फ्लिंडर्सबरोबर खंडाला पूर्ण प्रदक्षिणा घातली. ‘दिनविशेष’मध्ये त्यालाही कधीतरी जागा मिळावी. नोव्हेंबरात उत्तर किनाऱ्यावरच्या कार्पेंटारियाच्या आखातात जहाज किनाऱ्याला घेऊन सुतारांनी तपासले, तर लाकूड कुजलेले. हवा चांगली राहिली तर सहा महिने टिकेल, वादळ झाले तर बुडेल, असा निर्वाळा. आखाताची मोजणी उरकून त्याने जवळून मोजण्याचे काम थांबवले आणि पश्चिमेकडून वळसा घालून ९ जून १८०३ रोजी जहाज सिडनीला आणले. माणसे हगवणीने मरत होती. वायव्य किनारा त्याला मोजता आला नाही आणि तो मोजला असे त्याने भासवलेही नाही. ते काम पुढे १८१७ पासून फिलिप पार्कर किंग याने केले.

चुकाही झाल्या. पूर्व किनाऱ्यावर महत्त्वाची नदी नाही असे तो म्हणून गेला. १७९९ मध्ये तो ब्रिस्बेन नदीच्या तोंडाजवळच्या उपसागरात जाऊन आला होता आणि नदी त्याला सापडली नव्हती. ती १८२३ मध्ये सापडली. जहाजावरून जमीन मोजणाऱ्याला खारफुटीआडचे मुख दिसत नाही, हे खरे. पण ‘नाही’ असे लिहिण्याआधी थांबायला हवे होते, असे मला वाटते. त्याने मोजलेला किनारा कोणाचा होता, हाही प्रश्न आहेच. तिथे माणसे राहत होती आणि त्याचे नकाशे इंग्रजांना तो प्रदेश बळकावण्यासाठी उपयोगी पडले. आपल्याकडेही साखळ्या कोणी आणि कशासाठी आणल्या हे आपण जाणतो. त्याच्या कामाबद्दल आदर बाळगताना मी हे विसरत नाही.

आता मुंबईचा धागा. नवे जहाज मिळवण्यासाठी इंग्लंडला जायला फ्लिंडर्स ऑगस्ट १८०३ मध्ये ‘पॉरपॉइज’ जहाजावर प्रवासी म्हणून निघाला. सोबत ‘केटो’ आणि ईस्ट इंडिया कंपनीचे ‘ब्रिजवॉटर’. १७ ऑगस्टच्या रात्री पहिली दोन जहाजे प्रवाळाच्या खडकावर आदळून फुटली. ‘ब्रिजवॉटर’ वाचले आणि मदतीला न थांबता निघून गेले. पुढे हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागल्यावर त्याच्या कप्तानाने दोन्ही जहाजे माणसांसकट बुडाल्याचे कळवले. त्याच जहाजाचा तिसरा अधिकारी मात्र ही हकिकत खोटी आहे असे सांगून मुंबईत जहाज सोडून उतरला. ‘ब्रिजवॉटर’ मुंबईहून युरोपला निघाले आणि कायमचे नाहीसे झाले.

इकडे सुमारे ८० माणसे एका वाळूच्या पट्ट्यावर अडकली होती. पुढे उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमांनी प्रसिद्ध झालेला जॉन फ्रँकलिन त्यांतलाच, तेव्हा सतरा वर्षांचा पोरगा. फ्लिंडर्सने एका उघड्या होडीत १३ जण घेतले आणि सुमारे ७०० सागरी मैल वल्हवत, शीड लावत तो सिडनीला पोचला. सहा आठवड्यांनी तो तीन गलबते घेऊन परत वाळूवर हजर. अथांग समुद्रातला वाळूचा एक पट्टा त्याला पुन्हा सापडला, कारण तो कुठे आहे हे त्याने नीट मोजून ठेवले होते.

त्यांतल्याच २९ टनांच्या ‘कंबरलँड’वरून तो इंग्लंडला निघाला. गलबत गळत होते, पंप निकामी होत चालले होते. डिसेंबर १८०३ मध्ये दुरुस्तीसाठी तो मॉरिशसला थांबला. बेट फ्रेंचांचे. इंग्लंड-फ्रान्समधला तह मोडून युद्ध पुन्हा पेटल्याची बातमी त्याला तिथेच कळली. त्याच्याकडचा फ्रेंच परवाना ‘इन्व्हेस्टिगेटर’च्या नावाचा, आला तो भलत्याच गलबतातून. शिवाय सिडनीच्या गव्हर्नरने त्याच्याकडे दिलेल्या टपालात लष्करी मतलबाचा मजकूर होता. बेटाचा फ्रेंच गव्हर्नर दकाँ याला संशय आला, यात मला नवल वाटत नाही. फ्लिंडर्स त्याच्यापुढे टोपी न काढता गेला आणि नंतर आलेले जेवणाचे बोलावणेही त्याने फेटाळले. मानी माणूस होता, आणि त्या दिवशी मान जरा बाजूला ठेवायला हवी होती. पण त्याची शिक्षा साडेसहा वर्षे? सुटकेला पॅरिसहून १८०६ मध्ये मंजुरी मिळाली, १८०७ मध्ये ती बेटावर पोचली, तरी दकाँने जून १८१० पर्यंत सोडले नाही. तिथल्या फ्रेंच कुटुंबांनी मात्र त्याला घरच्यासारखे वागवले. तो फ्रेंच शिकला, नकाशे काढत राहिला, आणि अनेक सफरींत सोबत असलेल्या व त्या बेटावर हरवलेल्या आपल्या मांजरावर, ट्रिमवर, एक सुंदर लेख लिहून गेला.

२०११ साली आम्ही पती-पत्नी मॉरिशसला गेलो होतो. सहलीच्या गाडीचा चालक मराठी घरातला. बोलायचा क्रिओल, पण गणपतीची आरती पाठ. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, हे त्याने आम्हाला अभिमानाने सांगितले. दक्षिण किनाऱ्यावर बे द्यू काप नावाची जागा आहे, तिथे फ्लिंडर्स पहिल्यांदा किनाऱ्याला लागला. रस्त्यालगत त्याचे स्मारक आहे. मी गाडी थांबवायला सांगितली. बाकीची मंडळी समुद्राचे फोटो काढत होती, मी त्या दगडापुढे उभा. मी हिला सगळी हकिकत सांगितली. तिने एकच विचारले, “आणि त्याची बायको?”

त्याची बायको अ‍ॅन. लग्न १७ एप्रिल १८०१ चे. तिला जहाजावरून सोबत न्यायचा त्याचा बेत होता. वरिष्ठांना ते कळले, त्यांनी डोळे वटारले, आणि तीन महिन्यांच्या संसारानंतर तिला मागे ठेवून तो गेला. परतला २४ ऑक्टोबर १८१० ला. नऊ वर्षे तीन महिने. मी मोजणीला गेलो की हिला महिनाभर घर एकटीने सांभाळावे लागायचे. मुलांचा ताप, पाण्याची रांग, शाळेची फी. ती त्या दगडाकडे बघत म्हणाली, “तिचाही दगड हवा होता इथं.” ही जाऊन आता चार वर्षे झाली. तिचे ते वाक्य आपल्या अंकात छापून यावे, अशी माझी इच्छा आहे.

परतल्यावरही सुख नव्हते. बढती दिली ती ७ मे १८१० पासूनची. कैदेतली वर्षे ज्येष्ठतेत धरली नाहीत. अर्ध्या पगारावर लंडनमध्ये घरे बदलत त्याने ग्रंथ आणि नकाशे पुरे केले. त्यातच कळले की रेखांश काढण्यासाठी वापरलेल्या पंचांगातली चंद्राची कोष्टके सदोष होती. म्हणजे चूक त्याची नव्हती. तरी रेखांश पुन्हा गणून घेतले आणि त्याप्रमाणे नकाशे दुरुस्त केले. त्या वेळी तो मूत्राशयाच्या दुखण्याने बेजार होता.

आणि ते नाव. १८०४ मध्ये कैदेत काढलेल्या नकाशावर त्याने ‘ऑस्ट्रेलिया’ लिहिले होते. शब्द त्याच्या आधीही काहींनी वापरलेला आहे. ग्रंथालाही तेच नाव द्यायची त्याची इच्छा होती, पण रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्यासारख्या वजनदार माणसांना ते मान्य नव्हते. म्हणून ग्रंथ निघाला ‘अ व्हॉयेज टु टेरा ऑस्ट्रॅलिस’ या नावाने, आणि ‘ऑस्ट्रेलिया’ हा शब्द एका तळटीपेत गेला. मी स्वतःला तेवढी सूट दिली असती तर हे नाव घेतले असते, अशा अर्थाची ती टीप आहे. सिडनीचे गव्हर्नर मॅक्वारी यांनी १८१७ पासून ते सरकारी कागदांत वापरायला सुरुवात केली तेव्हा फ्लिंडर्स जाऊन तीन वर्षे झाली होती. ग्रंथ प्रसिद्ध झाला १८ जुलै १८१४ ला. दुसऱ्या दिवशी तो गेला. वय ४०.

मागे अ‍ॅन आणि दोन वर्षांची मुलगी. या मुलीचा मुलगा फ्लिंडर्स पेट्री. त्याने १८८० च्या सुमारास गिझाच्या पिरॅमिडांची इतकी काटेकोर मोजणी केली की तिचे दाखले पुढे कित्येक वर्षे दिले जात होते. हे वाचले तेव्हा मला घरच्या माणसाची बातमी कळल्यासारखे झाले.

फ्लिंडर्सची कबरही हरवली होती. लंडनच्या युस्टन स्टेशनाशेजारच्या जुन्या दफनभूमीत नव्या रेल्वेसाठी खोदकाम चालले होते. तिथे हजारो शवपेट्या होत्या, बहुतेकांवरची नावे गेलेली. जानेवारी २०१९ मध्ये एका पेटीवर शिशाचा पत्रा शाबूत मिळाला आणि त्यावरची अक्षरे वाचता आली. १३ जुलै २०२४ रोजी त्याला डॉनिंग्टनला, त्याच्या गावी, पुन्हा पुरले.

माझी विनंती छोटी आहे. पुढच्या १९ जुलैला ही नोंद पुन्हा येईल. तेव्हा ती अशी घ्यावी : ‘१८१४ – ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजणारे नौदल अधिकारी, सागरी मोजणीदार मॅथ्यू फ्लिंडर्स यांचे निधन.’ शब्द मोजून पाहिले आहेत, ते त्याच चौकटीत बसतात.

आपला नम्र,
एक निवृत्त मोजणीदार
धनकवडी, पुणे